मदत हवी आहे: सरपण ओंडक्यांत घ्यावं की फोडलेलं?

नागपुरात नंदनवनला आमची छोटी खानावळ आहे, सावजी रस्सा चुलीवरच होतो. रोज साधारण 40 किलो सरपण लागतं. आतापर्यंत टालावरून (लाकडाच्या वखारीतून) फोडलेली बाभूळच घेत आलो. यंदा एक जण ट्रॉलीभर ओंडके देतो म्हणतो, क्विंटलमागे बरेच स्वस्त. नमुन्याला दोन आणले. कापलेल्या तोंडाला एकही भेग नाही, साल घट्ट चिकटलेली, फोडल्यावर आतून गार. म्हणजे वजनात पाण्याचेही पैसे! चुलीत घातलं तर नुसता धूर.

मागे टिनाचं शेड आहे, पावसाळ्याआधी दोन-अडीच महिने वाळवता येईल. पण कुऱ्हाड चालवणारं घरात कुणी नाही, आणि गॅसवर जायचं नाही. नागपुरात लाकडं फोडायची मजुरी सध्या क्विंटलमागे किती पडते, आणि ओली बाभूळ वाळल्यावर वजनात घट किती धरायची?