मदत हवी आहे: सुलभक म्हणून परिचयात काय लिहू?

राजेहो, जाणत्यांनी जरा सांगा.

मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. द्विशिक्षकी, चौथीपर्यंत, मुलं सगळी कोरकू आदिवासी, घरी कोरकूच बोलतात. नोकरीला 16 वर्षं झाली. पुढच्या महिन्यात तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे, विषय इंग्रजी अध्यापन आणि तंत्रज्ञान. केंद्रप्रमुखांनी सुलभक म्हणून, म्हणजे तिथे इतर शिक्षकांना शिकवायला, माझं नाव देऊन टाकलं. विचारलं नाही, शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर जाहीरच केलं. मग नाही कसं म्हणणार?

आता पाच ओळींचा परिचय मागितलाय. नमुना म्हणून मागच्या सुलभकांचे परिचय ग्रुपवर आले. एक इंग्रजीतले पीएच.डी., एका बाईंकडे इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं प्रमाणपत्र, सेल्टा, एक सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडून शिक्षणात आलेले. माझं काय? डी.एड., मुक्त विद्यापीठाचं बी.ए. आणि संगणकाचं एमएससीआयटी, तेही वेतनवाढ अडू नये म्हणून केलेलं. दीड ओळीत खेळ खलास.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रशिक्षणाला गेले होते. शिकवणारे हुशार, इंग्रजी तर ऐकत राहावं असं. पडद्यावर फ्रीज, मग एस्केलेटर. म्हणाले, शब्द आधी मराठीत विचारा, मग इंग्रजीत. मी हात वर केला, "सर, आमच्या पोरांना मराठीही शाळेतच भेटते. पाण्याला ती 'डा' म्हणतात." सर म्हणाले, "हो का? इंटरेस्टिंग," आणि पुढची स्लाइड लावली. तेव्हा राग आला होता. आता त्यांच्या जागी आपण उभं राहायचं म्हटल्यावर पोटात गोळा येतो.

तर परिचयात काय लिहू? आणि पुढे करण्यासारखा एखादा कोर्स आहे का, नोकरी सांभाळून?

निवृत्त अधिव्याख्याता
ताई, मी डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) होतो, त्यामुळे असे परिचय ढिगाने वाचलेत. या विषयाचे प्रशिक्षक बहुधा दोन वाटांनी येतात. काही भाषेकडून येऊन नंतर संगणक शिकतात, काही संगणकाकडून येऊन नंतर वर्ग बघतात. दोन्हींत काहीतरी कच्चं राहतं. ली शुलमन यांनी 1986 मध्येच मांडलं होतं की विषय येणं वेगळं आणि तो शिकवायचा कसा हे कळणं वेगळं. 2006 मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञान जोडलं, त्यालाच 'टीपॅक' म्हणतात. गंमत म्हणजे हे मिश्रा मूळचे पिलानीचे विद्युत अभियंता, मग मुंबई आयआयटीत डिझाइन शिकले, शिक्षणशास्त्राकडे त्यानंतर वळले. सरळ वाटेनेच यावं असं काही नसतं.

आणि आपले रणजितसिंह डिसले? अभियांत्रिकी अर्धवट सोडून डी.एड.ला गेले. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या शाळेत शिक्षक झाले. तिथल्या मुलींची घरची भाषा कन्नड, तर स्वतः कन्नड शिकले, पुस्तकं त्या भाषेत आणली, त्यांना क्यूआर कोड जोडले. 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. तुमच्या शाळेची अडचण त्याच जातीची आहे.

सेल्टाच्या मागे आत्ता लागू नका. किमान 120 तासांचा कोर्स, त्यात 6 तास निरीक्षणाखाली शिकवायचं, पण प्रौढांना. तुमची पहिली-दुसरी त्यात नाही, आणि फी जड आहे. इग्नूचं इंग्रजी अध्यापनाचं प्रमाणपत्र किंवा हैदराबादच्या इफ्लूचा (इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठाचा) दूरशिक्षणाचा पीजीसीटीई, म्हणजे इंग्रजी अध्यापनाचं पदव्युत्तर प्रमाणपत्र, बघा. यंदाचा प्रवेश कधी, हे त्यांच्या संकेतस्थळावर तपासा.

दुपारची शाळा
सरांशी सहमत, पण एक खडा टाकते. अनुभव आहे म्हणून तयारी नको, असं होऊ देऊ नका. आमच्याकडे एक फार अनुभवी सुलभक आले होते. तीन दिवस स्वतःच्या शाळेच्या गोष्टी सांगत बसले. आम्ही वहीत काय लिहायचं? त्यापेक्षा पीपीटीवाले बरे होते. आणि ताई, तुम्ही पदव्या लिहिल्यात. वर्गात फोन घेऊन नेमकं काय करता, ते एका अक्षराने लिहिलं नाही.

वऱ्हाडी मास्तर
मुद्द्याचं सांगा ताई, लाइन गेली तं काय करान? आमच्या इथं प्रोजेक्टर लावला का लाइन जातेच.

(धागाकर्ती)
सर, मॅडम, मनापासून आभार. डिसले सरांचं कन्नडचं माहीतच नव्हतं, मी फक्त क्यूआर कोडचं ऐकून होते.

वर्गात काय करते? फार काही नाही हो. गावात रेंज नाही, म्हणून धारणीला बाजाराला गेले की दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचे व्हिडिओ उतरवून आणते. एक आजी कोरकूत गोष्टी सांगतात, त्या फोनवर रेकॉर्ड केल्यात. मुलं ऐकतात, चित्रं काढतात, चित्राखाली देवनागरीत कोरकू शब्द, मग मराठी, मग इंग्रजी. अशी कार्डं दोन खोकी भरून झाली. मास्तर, लाइन गेली की खोकी काढायची.

हे लिहिताना वाटलं, प्रशिक्षणातही हेच करून घ्यावं. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मुलांच्या भाषेतले दहा शब्द आणायचे. कोणी कोरकू आणेल, कोणी गोंडी, कोणी वऱ्हाडी. फोन दुसऱ्या दिवशी.

परिचय असा जमलाय:

"16 वर्षे द्विशिक्षकी शाळेत अध्यापन. डी.एड., बी.ए., एमएससीआयटी. कोरकू समजते, थोडी बोलता येते. विद्यार्थ्यांसोबत कोरकू-मराठी-इंग्रजी शब्दकार्डे व स्थानिक गोष्टींचे ध्वनिमुद्रण. इंटरनेट नसलेल्या वर्गात मोबाइलचा वापर."

एमएससीआयटी ठेवू का काढू? नमुन्यातल्या परिचयांपुढे ते अगदीच केविलवाणं दिसतं.

वऱ्हाडी मास्तर
ठिवा ना ताई. हॉलमधल्या अर्ध्या लोकायजवळ थेच हाय. थे वाचून तरी जागी राहातीन.