मुलांची अंघोळ: एका बादलीत भागवायची की शॉवरखाली सोडायचं?

बादलीबाई:
पुण्यात राहतो. सोसायटीत मार्चपासूनच टँकर सुरू झालेत. मुलं दोन, सहा आणि तीन वर्षांची. परवा शॉवरखाली बादली धरून घड्याळ लावलं. १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली. दोघं मिळून दहा मिनिटं तरी शॉवरखाली नाचतात, म्हणजे १०० लिटर गेले. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष. दोघांच्या २७० पैकी १०० नुसते अंघोळीत.

कॉक बंदच करून टाकला. आता दोघांत मिळून २० लिटरची एक बादली. थोरल्याला मग, धाकटीला श्रीखंडाचा रिकामा डबा. डब्याच्या बुडाला तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडून दिलीत, तोच तिचा शॉवर. चार दिवस रडारड झाली. पाचव्या दिवशी "माझा डबा कुठाय?" म्हणून स्वतःच मोरीत जाऊन बसली. नवरा म्हणतो हा चिक्कूपणा आहे. तुमचं काय मत?

फवारा:
तुमच्या नवऱ्याच्या बाजूने. सोसायटीत लोक पाइप लावून गाड्या धुतात, वरच्या टाक्या वाहतात, आणि आपण तीन वर्षांच्या पोरीचे मग मोजायचे? मी साडेसातला घरी पोचतो. लेकाची अंघोळ एवढा एकच वेळ आम्हा दोघांचा. तिथे मी लिटर मोजणार नाही.

बादलीबाई:
गाड्यांचा विषय मीटिंगमध्ये काढला होता. "बघू" वर मिटला. शॉवरचा कॉक निदान माझ्या हातात आहे. आणि बादलीने गप्पा कुठे थांबतात? उलट शॉवरच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

लातूरकर:
२०१६ च्या एप्रिलात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला ५० हजार लिटरच्या दहा वाघिणी होत्या. तेव्हा मुलगा दोन वर्षांचा. त्याला मोठ्या परातीत बसवून चार तांब्यांत न्हाऊ घालायचो. परातीतलं पाणी बादलीत, तेच संडासाला. त्या वर्षी एक कळलं, पाणी अंगाला फारसं लागत नाही, फेसाला लागतं. साबण निम्मा करा, पाणी आपोआप निम्म्यावर येतं. आधी अंग ओलं, मग पाणी बंद ठेवून चोळायचं, मग एकदाच धुवायचं. फवारा, रागावू नका, पण मोजायची वेळ आली की सगळे मोजतात.

फवारा:
रागावलो नाही. पण दुष्काळातली सवय बारा महिने कशाला?

नातवंडांची आजी:
साबण हवाच कशाला म्हणते मी! मसुराच्या डाळीचं पीठ दुधात कालवून लावायचं. आमची चारही मुलं त्यावर वाढली. शाम्पूची ती महागडी बाटली आमच्या सुनेकडे पंधरा दिवसांत संपते.

दोन जुळ्यांची आई:
आजी, आदर ठेवून सांगते, हे सरसकट नको. माझ्या एका मुलाला एक्झिमा आहे. पिठाने चोळलं की गुडघ्यामागे लालभडक. डॉक्टरांनी पीठ, उटणं सगळं बंद करून बिनवासाचा सौम्य साबण दिला. शिवाय महिनाभरात मोरीची जाळी पिठाने तुंबली, प्लंबरने साडेचारशे घेतले. वाचवलेले सगळे तिथे गेले.

आणि बादलीवाल्यांनो, दोन गोष्टी. विसण घालताना आधी गार पाणी, मग कढत. उलटं केलं आणि पोराने हात घातला तर भाजलंच. दुसरं, संडासासाठी म्हणून भरलेली बादली बाथरूममध्ये उघडी ठेवू नका. रांगतं, धरून उभं राहणारं मूल डोक्यावर आत पडतं, वीतभर पाण्यातही बुडतं, आणि आवाजसुद्धा होत नाही. माझा शॉवरला मत देण्याचा कल केवळ यासाठी.

बादलीबाई:
बादलीचं खरंच लक्षात आलं नव्हतं. कालपासून साबणाचं पाणी लगेच फ्लशला ओतून बादली पालथी घालते.

नातवंडांची आजी:
बरं, ज्याचं अंग नाजूक त्याला नको पीठ. पण जाळीला जुन्या साडीचा तुकडा लावला असतास तर साडेचारशे वाचले असते.

शंकासुर:
लहान तोंडी मोठा घास. शाम्पूत पाणी घालून बाटली पुरवतात, ते चालतं का?

दोन जुळ्यांची आई:
बाटलीत नको. पाणी घातलं की टिकवणारी द्रव्यं पातळ होतात आणि दमट बाथरूममध्ये आत जंतू धरतात. थेंबभर मगात घेऊन त्या वेळेपुरतं कालवा.

फवारा:
मी थोडं झुकतो. आमच्याकडे सोमवार ते शनिवार बादली, रविवारी शॉवर. लेकाने करार मान्य केलाय, बदल्यात भोकांचा डबा मागितलाय. श्रीखंड आणायला निघालो.

बादलीबाई:
अर्धा किलोचा आणा, पावशेराचा लगेच रिकामा होतो. आणि एक राहिलंच. काल नवऱ्याच्या अंघोळीला दाराबाहेरून घड्याळ लावलं. अठरा मिनिटं! त्याच्यासाठी वेगळा धागा काढते.