मदत हवी आहे : एकाच डोमेनवर तीन ॲप्लिकेशन्स, सबडोमेन घ्यावे की पाथ?

देवगड परिसरातील आंबा बागायतदारांच्या संस्थेसाठी आम्ही एकाच सर्व्हरवर एन्जिनएक्सच्या (येणाऱ्या विनंत्या योग्य ॲप्लिकेशनकडे वळवणाऱ्या वेब सर्व्हरच्या) मागे तीन ॲप्लिकेशन्स चालवत आहोत : हापूसच्या पेट्यांच्या विक्रीचे वर्डप्रेसवरील दुकान, आणि सभासदांचे हिशेब व होमस्टेचे आरक्षण ही दोन जँगोमध्ये (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) लिहिलेली.

सध्या दुकान मूळ डोमेनवर, तर इतर दोन '/हिशेब' व '/मुक्काम' अशा पाथवर (डोमेननंतरच्या पत्त्यावर) आहेत. दोन्ही जँगो ॲप्लिकेशन्स 'सेशनआयडी' याच नावाची कुकी (लॉगिन लक्षात ठेवण्यासाठी ब्राउझरमध्ये साठवलेली नोंद) संपूर्ण डोमेनसाठी ठेवत असल्यामुळे एकात लॉगिन केले की दुसऱ्यातून सभासद बाहेर फेकला जात असे. कुकींची नावे वेगळी केल्यावर ते थांबले. तरीही ब्राउझरच्या दृष्टीने तिन्हींचा ओरिजिन (प्रोटोकॉल, डोमेन व पोर्ट मिळून ठरणारी ओळख) एकच राहतो, त्यामुळे दुकानातील एखाद्या प्लगिनमध्ये दोष निघाल्यास तेथील स्क्रिप्ट सभासदांच्या हिशेबापर्यंत पोहोचू शकेल, ही माझी खरी चिंता आहे.

सबडोमेनची (मूळ डोमेनच्या आधी नाव जोडून केलेल्या वेगळ्या पत्त्यांची) चाचणीही घेतली. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत एचटीटीपीएस प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे वाइल्डकार्ड (सर्व सबडोमेनना चालणारे) प्रमाणपत्र डीएनएस पडताळणीशिवाय, म्हणजे डोमेनच्या नोंदीत बदल करून मालकी दाखवल्याशिवाय, मिळत नाही आणि आमच्या डीएनएस सेवेला ते प्रोग्रामद्वारे आपोआप करण्यासाठी एपीआय नाही, म्हणून प्रत्येक सबडोमेनसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र घेतले. ते व्यवस्थित चालते. अडचण एवढीच, की सभासदांना हिशेब आणि आरक्षण यांसाठी एकच लॉगिन हवे आहे. दुसरा सर्व्हर घेणे शक्य नाही आणि बदल मार्चमध्ये हंगाम सुरू होण्यापूर्वीच करावा लागेल.

सामायिक कुकी मूळ डोमेनवर ठेवली तर ती दुकानाकडेही जाईल. ते टाळून फक्त दोन सबडोमेनमध्ये एकच लॉगिन ठेवण्यासाठी स्वतंत्र लॉगिन सेवा उभारावी, की ही दोन ॲप्लिकेशन्स एकाच सबडोमेनवर पाथने ठेवून केवळ दुकान वेगळे करणे पुरेसे सुरक्षित ठरेल?