मोठा बदल सांगणारे इंग्रजी वाक्प्रचार नेमके कुठे शोभतात?

प्रश्न | अनघा_नगर
हिवरे बाजारच्या जलसंधारणावर मी इंग्रजीत निबंध लिहीत आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी आली, डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची पद्धत रुजली. हे सारे सांगताना प्रत्येक परिच्छेदात ‘गेम चेंजर’च उमटते. ‘सी चेंज’, ‘टर्न द टाइड’, ‘क्वांटम लीप’, ‘वॉटरशेड मोमेंट’ यांपैकी कोणता कुठे वापरावा?

उत्तर | मेघश्याम
बदल कोणत्या जातीचा आहे, हे आधी ठरवावे. ‘टर्न द टाइड’ म्हणजे वाईटाकडे चाललेला ओघ उलटा फिरणे. गाव सोडून गेलेली कुटुंबे परतू लागली, त्या परिच्छेदात तो चपखल बसेल. ‘सी चेंज’ हा शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मधला. तिथे समुद्रतळाशी हाडांची पोवळी आणि डोळ्यांचे मोती होतात, म्हणजे वस्तू मुळापासून पालटते. उजाड डोंगर हिरवे झाले, हे सांगायला तो योग्य आहे. ‘क्वांटम लीप’ मात्र टाळावा, कारण भौतिकशास्त्रातली ही उडी मधल्या पायऱ्या नसलेली असते आणि आपल्या गावाने तर वर्षानुवर्षे श्रमदान केले. ‘वॉटरशेड’ एरवी सुंदर आहे, दोन खोरी वेगळी करणाऱ्या जलविभाजकावरून तो आला. पण पाणलोट विकासावरच्या निबंधात तोच शब्द शब्दशः अर्थानेही पानोपानी येणार, त्यामुळे वाचक अडखळेल. १९८९ साठी साधा ‘टर्निंग पॉइंट’ पुरे.

उत्तर | सुलभा_ताई
मेघश्यामजींचे विवेचन पटले, तरी अनघा, वाक्प्रचार संपूर्ण निबंधात एखाददुसराच ठेव, असे मी आग्रहाने सांगेन. सिंचनासाठी कूपनलिका नकोत, उसासारखी तहानलेली पिके नकोत, असे गावाने स्वतःहून ठरवले, एवढे एक वाक्य साध्या क्रियापदांत लिहिलेस की परिणामाचे मोठेपण वाचकाला आपोआप कळते. त्यापुढे ‘गेम चेंजर’ जोडल्याने उलट त्या निर्णयामागचा संयम झाकला जातो. परीक्षकांना हा शब्द जाहिरातींतून इतका ऐकू येतो की त्यावर त्यांची नजर थांबतही नाही.

उत्तर | व्याकरणप्रेमी
एक बारकावा राहिला. ‘इम्पॅक्ट’ हे नाम वापरल्यास पुढे ‘ऑन’ येते, मराठीतल्या ‘शेतीवर परिणाम’सारखेच, परंतु ‘अफेक्ट’ या क्रियापदापुढे ‘ऑन’ लावू नये. ‘मेक अ डिफरन्स’नंतर मात्र ‘टू’ येते.