मदत हवी आहे : अलेक्झांड्रिया एका दिवसात, आईच्या गुडघ्यांसकट

डिसेंबरात कैरोहून सकाळच्या ट्रेनने अलेक्झांड्रियाला जाऊन रात्री परतायचंय. सोबत आई, वय ६८. सपाटीवर तासभर आरामात चालते, पण जिना उतरताना गुडघा धरतो. टॅक्सी दिवसभरासाठी ठरवणार आहोत.

नकाशावर पाँपीचा स्तंभ (नाव पाँपीचं, उभारलाय मात्र सम्राट डायोक्लेशियनसाठी!) आणि कोम अल-शुकाफाची भुयारी दफनगृहं जवळजवळ दिसतात, ती एका दमात होतील. कैतबेचा किल्ला पार समुद्राच्या टोकाला. पडलेल्या प्राचीन दीपगृहाच्या जागी १४७७ साली बांधायला घेतलेला, त्यामुळे तो काही झालं तरी सोडायचा नाही. नवं ग्रंथालय बाहेरून पाहिलं तरी चालेल. संग्रहालयं नकोत.

घोडं अडलंय दफनगृहांपाशी. विहिरीसारख्या खोल खड्ड्याभोवती गोल फिरत उतरणारा जिना फोटोंत दिसतो. टूरवाल्याला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा उत्तर एकच : "नो प्रॉब्लेम."

अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा, त्या जिन्याला धरायला कठडा आहे का, मध्ये टेकायला जागा मिळते का? आणि आईला वरच बसवायचं ठरलं, तर तिथे सावलीत एखादा बाक तरी आहे का?