मनातलं लिहायला कुठून सुरुवात करावी? सल्ला हवा

निळीशाई:
नमस्कार मंडळी. वय ४६, राहणार वारजे. नारायण पेठेतला आमचा वाडा दोन वर्षांपूर्वी पाडला, तेव्हापासून त्याबद्दल लिहावंसं वाटतंय. छापायचं वगैरे नाही. तेव्हा मनात काय चाललं होतं ते माझं मलाच कळावं एवढंच. पण लिहायला बसले की 'आठवणींचा ठेवा', 'मन भरून आलं' असलीच वाक्यं उतरतात, दहावीच्या निबंधासारखी. वाचलं की खोटं वाटतं. कोणी असं लिहून पाहिलंय का? पुण्यात एखादा गट असेल तर तेही सांगा.

पर्वतीपायथा:
आधी वही घ्या. मोबाइलवर टाइप करताना आपण कोणाला तरी पाठवायचं असल्यासारखं लिहितो. अप्पा बळवंत चौकातून साधी शंभर पानी आणा. देखणी डायरी नको, तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही. सकाळी चहाच्या आधी वीस मिनिटं लिहायचं आणि मागचं वाचायचं नाही. पहिले आठ दिवस कचरा निघेल, निघू दे.

गटाचं म्हणाल तर टिळक रोडला साहित्य परिषदेच्या कार्यक्रमांना जरूर जा, पण ही वही नेऊ नका. वाचून दाखवायचं म्हटलं की परत तो 'ठेवा' सुरू होतो.

एकनाद:
'मन भरून आलं' हे खोटं नाही हो ताई, घाईचं आहे. भावनेला नाव दिलं की आपण पुढे बघायचंच थांबतो. मी पहिल्या पानावर भावनेचं नाव घेत नाही. दिसलं, ऐकू आलं, हाताला लागलं तेवढंच लिहिते. तुम्ही वाड्यातली एकच वस्तू घ्या. नळ, कडी, जिना, काहीही. तिच्याशी रोज तुमचं काय व्हायचं ते लिहा.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढा. लिहा-वाचायला लग्नानंतर शिकलेल्या बाईंनी बोलावं तसं लिहिलंय. पहिला भाग १९३४ चा, आजही शिळा वाटत नाही. नारायण पेठेतच पुणे मराठी ग्रंथालय आहे, तिथे विचारा.

समन्वय:
एकनाद, नियम पटला, पण पहिल्या पानापुरताच. भावना कायमची बाहेर ठेवून चालत नाही. अमेरिकेतल्या पेनबेकर आणि बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा एक प्रयोग १९८६ साली छापून आला. त्यांनी कॉलेजच्या काही मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्या झाल्या मुलांना आणखी उदास वाटलं. पण प्रसंगाबरोबर मनातलंही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या डॉक्टरकडच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी भरल्या.

म्हणून निळीशाई, लिहून उठल्यावर जड वाटलं तर घाबरू नका. मात्र तो जडपणा दिवसेंदिवस उतरेना, झोप जायला लागली, तर वही मिटून समुपदेशकाकडे जा.

निळीशाई:
बारा दिवसांनी येतेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

जिना घेतला. आमच्या लाकडी जिन्याची वरून चौथी पायरी वाजायची. घरी यायला उशीर झाला की मी चपला हातात घेऊन, कठडा धरून ती ओलांडायची. कारण ती वाजली की खालच्या बिऱ्हाडातला दिवा लागायचा आणि सकाळी नळावर चौकशी व्हायची. एवढं लिहिलं आणि हात थांबला. दोन वर्षं मी वाडा गेल्याचं दुःख शोधत होते, आणि पानावर आलं ते वेगळंच. वाडा पाडला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आईला हे कधी बोलले नाही. त्या दिवशी समन्वय म्हणतात तसंच झालं, दुपारपर्यंत कशात लक्ष लागेना.

चौथ्या दिवशी आई आली पानावर. ती मात्र त्याच पायरीवर मुद्दाम पाय दाबून चढायची. आम्हा पोरींना कळावं, आली म्हणून. हे मी पार विसरले होते.

अर्धी वही भरली. अजून जिन्यावरच आहे.