प्रतिसाद: मांजरे लांब नेऊन सोडण्याविषयी
सोसायटीतील मांजरे पकडून मासळी बाजारात सोडावीत, ही वरील सूचना मला पटत नाही. कारण कचराकुंडीतील अन्न आणि जिन्याखालचा आडोसा तसाच राहिला, की मोकळ्या जागेवर नवी मांजरे येतात, मादी ४-५ महिन्यांची होताच माजावर येऊ शकते आणि गर्भकाळ जेमतेम ९ आठवड्यांचा असतो. त्यापेक्षा मांजरांची नसबंदी करून त्यांना त्याच जागी परत सोडावे. त्यासाठी मांजर पकडताना आमच्या इमारतीत आदल्या रात्रीपासून खाणे बंद ठेवून आम्ही सकाळी पिंजऱ्यात बांगड्याचा तुकडा ठेवला; दार पडताच वर जुनी चादर टाकली, तसे धडपडणारे मांजर गप्प झाले. (मादी अंगावर पाजणारी असल्यास पिल्ले आधी शोधावीत, आम्ही एकदा हे विसरलो होतो.) नसबंदीच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच कानाचे टोक किंचित कापून घ्यावे, म्हणजे त्याच जिन्याखाली परत सोडलेले मांजर नसबंदी झालेले आहे हे लांबूनही ओळखता येते.